गुप्तेकाकांचं माहेर

बडोद्यातल्या आमच्या हरणीच्या सोसायटीत वारा कुठून वाहतोय हे फक्त गुप्तेकाकांना माहीत असायचं. बाकी आम्ही सगळे वारा आला की बरं वाटलं म्हणणारे आणि गेला की पंखा लावणारे. काकांच्या गच्चीवर एका बांबूला जुन्या धोतराची पट्टी बांधलेली असे. सकाळी दात घासताना ते आधी त्या पट्टीकडे बघत आणि मग खाली आमच्याकडे. उत्तरायणाच्या आधी पतंगवाली पोरं त्यांच्या फाटकापाशी जमून उद्याचा वारा विचारत, "दादा, काले पवन केवो रहेशे?" काका चष्मा कपाळावर चढवून, आकाशाची तपासणी करून, वेधशाळेलाही लाजवेल अशा गांभीर्याने सांगत. निम्म्या वेळा चुकायचं, पण पोरं पुढच्या वर्षी पुन्हा येत.

ही त्यांची कोयलीची सवय. तिथल्या रिफायनरीत त्यांची सगळी नोकरी झाली. तिथे वारा माहीत असावा लागतो, कारण गॅस सुटला तर वाऱ्याबरोबर पळून उपयोग नसतो, आडवं पळावं लागतं. हे त्यांनी आमच्या गल्लीतल्या प्रत्येक पोराला शिकवलं होतं. त्याचा उपयोग पोरांनी गुरुजींच्या मारापासून पळताना केला, पण शिकवलं खरं.

दुसरी सवय चार्ज देण्याची. पाळी बदलताना जाणाऱ्याने येणाऱ्याला सगळं सांगायचं, काय चालू आहे, काय बंद आहे, कशावर लक्ष ठेवायचं, आणि मगच घरी निघायचं. काकांनी ही पद्धत घराघरांत नेली. आमच्याकडे चहाला आले तरी निघताना दारात उभे राहून सांगत, "नीतू, गॅस बंद केलाय, दुधावर झाकण ठेवलंय, मांजर मागच्या पायरीवर बसलंय. चल, आवजो." आपण चहाला आलो होतो, पहाऱ्याला नव्हे, हे त्यांच्या ध्यानात नसे. काकू आजारी होत्या तेव्हा शेवटच्या महिन्यात त्यांनी म्हणे काकांना खुर्चीवर बसून स्वयंपाकघराचा चार्ज दिला. मोहरी कुठे, हिंग कुठे, गोडा मसाला किती दिवस पुरतो, सगळं. काका हे हसत सांगायचे आणि सांगून झालं की उठून गच्चीवर जायचे.

तिसरी गोष्ट सवय म्हणावी की अभिमान, मला ठरवता येत नाही. गुप्त्यांचे पूर्वज गायकवाड सरकारच्या नोकरीत होते. त्यांना पागोटं मिळालं होतं की नुसतंच शाबासकीचं पत्र, यावर घरात दोन मतं होती. पण आमच्या घराण्यात सगळे बडोद्यात जन्मले, हे काका नव्या माणसाला पहिल्या भेटीत सांगत. आजोबा बडोद्याचे, वडील बडोद्याचे, ते स्वतः बडोद्याचे, मुलगी मीनल बडोद्याची. बडोद्यात जन्मलेला माणूस कुठेही गेला तरी बडोदेकरच राहतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ते किती खरं ठरणार आहे हे त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

मीनल लग्न होऊन मस्कतला गेली, आणि काकू गेल्यावर दोन वर्षांनी तिला दिवस राहिले. जावई अजित तिथे पाणी शुद्ध करणाऱ्या मोठ्या कारखान्यात होता. कंपनीचं घर, कंपनीचं हॉस्पिटल, एक मल्याळी नर्स शेजारीच राहणारी. मीनलने फोनवर सांगितलं की बाबा, मी इथेच बाळंत होते, तुम्ही नंतर या. डोंबिवलीहून तिच्या सासूबाईही जायला तयार होत्या. सगळं व्यवस्थित ठरलं होतं आणि काकांनी ते मोडलं.

त्या दिवशी त्यांच्याकडचा फोन बंद होता म्हणून ते आमच्याकडून बोलले. मी नुकती शाळेत नोकरीला लागले होते आणि वह्या तपासत तिथेच बसले होते. ते बराच वेळ ऐकत राहिले, मान हलवत राहिले. मग म्हणाले, "मीनू, आई नाही म्हणून तुला माहेर नाही असं कोणी म्हणता कामा नये. पहिलं बाळंतपण आहे. तू ये. मी करीन." पलीकडे मीनल रडायला लागली असावी, कारण काका रिसीव्हर कानापासून लांब धरून आमच्या आईकडे बघत उभे राहिले. आईने पदराने डोळे पुसले. मीनलने तिकीट काढलं.

आणि काकांनी खरंच केलं. साठवलेली सगळी रजा एकदम टाकली. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा बाळंतपण असं सांगितलं, आणि साहेबांनी ते दोनदा विचारलं, हे त्यांनी आम्हाला मोठ्या चवीने सांगितलं. आमच्या आईला त्यांनी गुरू केलं. डिंक तळताना किती फुलावा, अळिवाची खीर कुठवर आटवावी, बाळंतशोपा कधी द्यायच्या. आई चमचा, मूठ, चिमूट अशा मापांत बोलायची, आणि काकांना ते चालेना. ते आईची मूठ वाटीत रिकामी करून बघत. "वहिनी, तुमची मूठ सकाळी मोठी असते आणि दुपारी लहान," असं त्यांनी एकदा गंभीरपणे सांगितलं तेव्हा आई हसून हसून ओट्याला टेकली होती.

मालिशवाल्या शांताबेन रोज यायच्या. मीनलला शेक द्यायला शेगडी ठेवायची तर काका आधी गच्चीवर जाऊन पट्टी बघून येत, धूर बाळाकडे जाऊ नये म्हणून. शांताबेननी पहिले दोन दिवस सहन केलं आणि तिसऱ्या दिवशी त्यांना खोलीबाहेर काढलं. बाहेर काढलेले काका दाराशी खुर्ची टाकून बसले आणि आतून बाळ रडलं की बाहेरून सूचना देत राहिले. मुलगा झाला होता. रावपुऱ्यातल्या एका प्रसूतिगृहात, दुसऱ्या मजल्यावर. नाव ठेवलं सौमित्र, पण सगळे त्याला सोमू म्हणत. काकांनी पेढे वाटले ते इतके, की सोसायटीतल्या दोघातिघांना मधुमेह तेव्हापासून आहे असं आमचे बाबा म्हणायचे.

त्या बाळंतपणाचं नाव पुढे कितीतरी वर्षं निघत होतं. सासुरवाशिणी माहेरची तक्रार करताना म्हणायच्या, आमच्याकडे आई असून हे हाल, आणि त्या मीनलला बघा. काका दर थंडीत डिंकाचे लाडू करायचे आणि सोसायटीत कोणी बाळंतीण असेल तर डबा भरून पोचवायचे, मराठी असो की गुजराती. मीनलच्या दुसऱ्या वेळीही त्यांनी कंबर कसली होती, पण डॉक्टरांनी तिला विमानात बसायला मनाई केली. ईशा मस्कतला जन्मली. काका रुसले. पुढे बरेच महिने ते त्या चिमुरडीला "तुमची परदेशी पाहुणी" म्हणत होते. गुप्त्यांच्या घरातलं बडोद्याबाहेर जन्मलेलं ते पहिलं मूल, आणि त्यांना ते लागलं होतं. आम्ही त्यांना खूप चिडवलं.

दोन्ही मुलं मस्कतला वाढली, शाळा तिथलीच, सुट्टीत बडोदं. मग सोमू इंजिनिअरिंग करायला अमेरिकेत गेला, तिथेच नोकरीला लागला. मागोमाग ईशाही गेली. काका निवृत्त होऊन आता रविवारी सकाळी नातवंडांशी व्हिडिओवर बोलत. फोन ते इतका जवळ धरत की पलीकडे फक्त कपाळ दिसायचं. सोमूला व्हिसा मिळाला तेव्हा आम्हाला चहा झाला, वाढवून मिळाला तेव्हा पुन्हा चहा झाला. अमेरिकेत नोकरी करणाऱ्यांचा तो व्हिसा नोकरीला बांधलेला असतो आणि तो मिळवणाऱ्यांत निम्म्याहून जास्त आपलेच लोक असतात, हे आम्हाला सोमूनेच सांगितलं होतं. त्याच्या ऑफिसात म्हणे मधल्या सुट्टीत कढी-खिचडीचा वास येतो. काकांना ते फार आवडलं. ते रिक्षावाल्यालाही सांगत.

त्या रविवारी मी तिथे होते. आईचं वर्षश्राद्ध झालं होतं आणि मी प्रसादाचा डबा द्यायला गेले होते. पडद्यावर ईशा होती, खूश होती. तिला तिथे कायम राहायचा परवाना मिळाला होता. काकांनी विचारलं, दादाला कधीच मिळाला असेल की मग, तो तर तुझ्या आधीपासून आहे. ईशा हसली. "आजोबा, त्याला नाही मिळाला. त्याला अजून कितीतरी वर्षं लागतील. मी मस्कतमध्ये जन्मले म्हणून सुटले. तो बडोद्याचा ना."

काकांना कळलं नाही. मलाही नाही. पासपोर्ट तर दोघांचा भारताचाच. ईशाने समजावून सांगितलं. तो परवाना देताना तुमचं नागरिकत्व बघत नाहीत, तुम्ही कुठल्या देशात जन्मलात ते बघतात. प्रत्येक देशाच्या वाट्याला सारखाच हिस्सा. ओमानमध्ये जन्मलेले मागणारे मूठभर, म्हणून लगेच मिळतो. भारतात जन्मलेले इतके, की रांगेत उभं राहिलेल्या माणसाला म्हातारपणी मिळाला तर मिळाला. आणि तोवर नोकरी गेली की थोड्या दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर बाडबिस्तरा उचलायचा.

"म्हणजे आई-वडील तेच, घर तेच," काका म्हणाले. "हो," ईशा म्हणाली, "फक्त तो बाळंतपणाला इकडे आला आणि मी नाही."

ती सहज बोलली होती. पोरगी मुळात बडबडी आणि मनाने निर्मळ. पण काकांनी फोन हळूच टेबलावर उताणा ठेवला आणि तिला पंखा दिसत राहिला. ती हॅलो हॅलो करत होती. मीच उचलून तिला सांगितलं की रेंज गेली.

त्यानंतर त्यांनी एकदा सोमूला सरळ विचारलं. तो म्हणाला, आजोबा, असंच असतं, माझ्या ऑफिसातले सगळे ह्याच रांगेत आहेत, त्यात काय एवढं. मग वातावरण हलकं करायला म्हणून हसत हसत पुढे म्हणाला, "तुमचे डिंकाचे लाडू मात्र मला फार महागात पडले." काकाही हसले. चांगलं मोठ्याने हसले. त्या थंडीत त्यांनी लाडू केले नाहीत. दुकानदाराने दरवर्षीप्रमाणे डिंक बाजूला काढून ठेवला होता, तो त्यांनी परत पाठवला. समोरच्या बंगल्यातली सून बाळंत झाली होती, तिच्याकडे ते दुकानातली मिठाई घेऊन गेले. सोमूला हे आम्ही कधी कळू दिलं नाही.

सोमू येईनासा झाला होता. ईशा दर दिवाळीला यायची, पण सोमू यायचा तर परत जाताना व्हिसावर नवा शिक्का मारून घ्यावा लागायचा, आणि त्यासाठीच्या मुलाखतीची तारीख महिनोन् महिने मिळायची नाही. तो अडकून पडला तर नोकरी जाणार. म्हणून तो तिथेच राहिला. काकांचा हिशेब असा, की आपण हट्ट केला म्हणून तो तिथे सुखाने राहू शकत नाही आणि इथे सुखाने येऊही शकत नाही. मी एकदा त्यांना म्हटलं, काका, तुम्हाला काय स्वप्न पडणार होतं का. त्यांनी मान डोलावली. पण हे समाधान त्यांना पुरलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पुरेसं वाटलं नव्हतं.

मग ते रावपुऱ्यात जायला लागले. मला ते एकदा अचानकच दिसले. मी चष्म्याच्या दुकानातून बाहेर पडत होते आणि समोरच्या फुटपाथवर काका उभे. जिथे प्रसूतिगृह होतं तिथे आता फरशांचं मोठं दुकान आहे, काचेच्या भिंती, आत बाथरूमचे नमुने मांडलेले. काका दुसऱ्या मजल्याकडे बघत होते. मी हाक मारली तर दचकले नाहीत. म्हणाले, ती कोपऱ्यातली खिडकी. मी त्यांना रिक्षात घालून घरी आणलं. रस्ताभर त्यांनी सोमू जन्मला त्या दिवशी वारा कुठून होता ते आठवायचा प्रयत्न केला.

आता लग्नाचं. सोमू तिशी ओलांडून गेला होता आणि कोणीतरी काकांना सांगितलं, की बायको जर दुसऱ्या देशात जन्मलेली असेल तर नवऱ्याला तिच्या रांगेत उभं राहता येतं. झालं. ज्या माणसाने स्वतःच्या मुलीची पत्रिका न बघता लग्न लावलं, तो माणूस गावातल्या मराठी मंडळाच्या वधू-वर मेळाव्यात जाऊन पत्रिका गोळा करायला लागला. लोक म्हणाले, म्हातारपणी गुप्त्यांचा ज्योतिषावर विश्वास बसला. ते पत्रिका उलगडत, जन्मस्थळ बघत आणि घडी करून बाजूला ठेवत. नागपूर, इंदूर, सांगली, बेळगाव. ग्रह कुठल्या घरात आहेत याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. मुलीची आई कुठल्या घरात होती एवढंच त्यांना हवं होतं.

एकदा सापडली. पुण्याचं कुटुंब, वडिलांची नोकरी सगळी दोह्याला, मुलगी तिथे वाढलेली, आता अमेरिकेत. ते बडोद्यात नातेवाइकांकडे आले होते, काकांनी त्यांना चहाला बोलावलं, आणि घरात बाईमाणूस हवं म्हणून मला पोह्यांसकट बोलावलं. माणसं फार चांगली. मुलीचा फोटो गोड. काकांनी शिक्षण, पगार, उंची काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "हिचा जन्म दोह्याचाच ना, नक्की?"

मुलीची आई प्रसन्न हसली. "तसं आम्ही दोहाच म्हणतो. पण जन्म नागपूरचा. पहिलं बाळंतपण ना, मी माहेरी आले होते. बाळंत होईपर्यंत आईने परत जाऊच दिलं नाही."

काकांनी कप बशीत ठेवला. मला हसू आवरेना आणि रडूही यायला लागलं, म्हणून मी चटणीच्या निमित्ताने आत गेले. बाहेर काका त्या बाईंना विचारत होते, की तुमची आई अजून आहे का. आहे म्हटल्यावर म्हणाले, त्यांना सांभाळा, त्यांना काही बोलू नका. त्या बाई गोंधळून गेल्या. त्यांच्या आईला बोलण्यासारखं काय झालं होतं.

तेव्हापासून काका फक्त धाकट्या मुलींची स्थळं बघायला लागले. थोरल्या सगळ्या माहेरीच जन्मलेल्या निघायच्या. मस्कत, दुबई, नैरोबी, कुठेही आई-बाप असोत, पहिलटकरीण आपली सातव्या महिन्यात विमानात बसून आईकडे. त्यांनी मला हे एखादा शोध लागल्यासारखं सांगितलं. शेवटी सोमूला हे कळलं. तो चिडला नाही, पण ठाम बोलला. रांगेत पुढे सरकायला मी लग्न करणार नाही, आजोबा, त्या मुलीनेही काय पाप केलंय. काकांना नातवाचं म्हणणं पटलं. पत्रिका त्यांनी ज्याच्या त्याला पोचत्या केल्या.

मागच्या बंगल्यातल्या जयश्रीबेनची मुलगी लंडनला, तिला सातवा लागला तेव्हा मात्र त्यांनी कमाल केली. ती बडोद्याला येणार म्हणून घर रंगवलं होतं. काका तिथे जाऊन बसले आणि हात जोडून म्हणाले, "बेन, तेने त्यां ज रहेवा दो." मुलीला तिथेच राहू द्या म्हटल्यावर जयश्रीबेन चांगल्याच तापल्या. आपल्या पोरीचं माहेरचं सुख ह्या माणसाच्या डोळ्यांत का खुपतंय, ज्याच्या लाडवांचं एवढं कौतुक गावभर झालं. काका ऐकून घेऊन परत आले. मुलगी आली, इथेच बाळंत झाली, मुलगी झाली. काका बारशाला गेले नाहीत. आजारी आहे असं सांगितलं, आणि मला वाटतं ते खोटं नव्हतं.

कारण त्या सुमारास त्यांचं डोकं हळूहळू मागे जायला लागलं. आधी किल्ल्या, मग नावं. चार्ज द्यायला दारात उभे राहत आणि काय सांगायचं ते आठवत नसे, नुसते उभे राहत. मग मीनलला फोन सुरू झाले. तिकीट काढलंस का? नको काढूस. पहिल्यांदा तिला वाटलं दिवाळीचं बोलतायत. ती म्हणायची, बाबा, येते ना मी, आणि काका कासावीस व्हायचे. नंतर तिला उमगलं की ते कुठल्या वर्षात बसून बोलतायत. ती तिकडून रडत मला फोन करायची. मी तिला म्हणायचे, तू नाही येत असं सांगून टाक की एकदा, तेवढंच त्यांना बरं वाटेल. ती म्हणायची, नीतू, मला जमत नाही गं. बाबांनी ये म्हटलं तेव्हा मी किती आनंदाने आले होते ते त्यांना कुणी सांगायचं?

सोमूची नोकरी या थंडीत गेली. एकाच दिवशी पुष्कळांना काढलं, त्यातला हा एक. त्या थोड्या दिवसांत दुसरी मिळाली नाही. गाडी विकली, भाड्याचं घर रिकामं केलं, आणि तो आधी मस्कतला गेला. तिथून मीनलला घेऊन बडोद्याला यायचं ठरलं. काकांना आम्ही सांगितलं नव्हतं. सांगून त्यांना काय कळलं असतं, आणि कळलं असतं तर आणखी वाईट.

ते आले त्या सकाळी काकांकडे काम करणाऱ्या बाई सुट्टीवर होत्या म्हणून मी जाऊन बसले होते. गाडीचा आवाज आला आणि माझ्या आधी काका उठून फाटकापाशी गेले. टॅक्सीतून मीनल उतरली. आता साठीच्या घरातली, अंगाने सुटलेली, सैल ड्रेस, प्रवासाने सुजलेले पाय. एका हाताने पर्स पोटाशी धरलेली. काकांनी तिला पाहिलं, ओळखलं, आणि फाटकाची कडी आतून लावली.

"बाबा, मी मीनू."

"कळतंय मला," काका म्हणाले. इतकं स्पष्ट ते कित्येक महिन्यांत बोलले नव्हते. "आलीस, बरं वाटलं. पण आता आत येऊ नकोस. अशीच परत जा. अजून वेळ आहे. तिथे सगळं आहे, हॉस्पिटल आहे, ती नर्स आहे. मी येतो तिकडे. डिंक, अळीव, सगळं घेऊन येतो. मी हट्ट केला, चुकलं माझं. तू तिथेच राहा."

मीनल गजांना धरून उभी होती.  मी कडी काढायला पुढे झाले तर काकांनी माझा हात धरला, आणि त्या हातात एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं. तेवढ्यात सोमू टॅक्सीच्या मागून बॅगा घेऊन आला. किती वर्षांनी मी त्याला बघत होते. कानाजवळ केस पांढरे, चेहरा थेट अजितसारखा. काकांनी त्याला जावईच समजून हाक मारली. "अजितराव, हिला घेऊन जा. पहिल्या विमानाने. मी पाया पडतो तुमच्या."

सोमूने आजोबांकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग बॅगा परत डिकीत ठेवल्या. "बरं," तो म्हणाला, "नेतो. तुम्ही काळजी करू नका." त्याने मीनलला दंडाला धरून गाडीत बसवलं. टॅक्सीवाला त्यांच्याकडे बघतच राहिला होता. गाडी वळली आणि सोसायटीच्या कमानीबाहेर गेली. काका ती दिसेनाशी होईपर्यंत फाटकावर हात ठेवून उभे होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वेळेत गेली." घरात येऊन ते आडवे झाले आणि पार दुपारपर्यंत गाढ झोपले. त्यांना असं झोपलेलं मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

गाडी मागच्या रस्त्याने आमच्या घरी आली होती. मीनल दिवसभर आमच्या दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडून होती. सोमूने चहा केला, भांडी घासली, आणि संध्याकाळी म्हणाला, मी एकटाच जाऊन बघतो. मी त्याच्याबरोबर गेले.

काका उठून व्हरांड्यात बसले होते, चेहरा धुतल्यासारखा. सोमू समोरच्या खुर्चीवर बसला. काकांनी पाहुण्याला म्हणावं तसं या, बसा म्हटलं. सकाळचं त्यांना काही आठवत नव्हतं. थोडा वेळ त्याच्याकडे निरखून बघत राहिले, कोणीतरी जवळचं आहे एवढं त्यांना जाणवत असावं. मग गेली काही वर्षं ते प्रत्येक नव्या माणसाला विचारत तेच त्यांनी विचारलं.

"तुमचा जन्म कुठला?"

 सोमूने पुढे वाकून आजोबांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"मस्कतचा," तो म्हणाला.

काकांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की मला तिथे उभं राहवेना. मी पायऱ्या उतरून अंगणात आले. मागे ते त्याला सांगत होते, वा, फार छान झालं, तुमच्या आजोबांना अक्कल होती म्हणायची. आणि सोमू म्हणत होता, हो, होती.